‘सारांश लिहून आणा’ म्हणालात की संपलं! प्राथमिकच्या नव्या शिक्षकांसाठी अवांतर वाचन

परवा एका नव्यानेच लागलेल्या टीचरने मला विचारलं की मुलं पाठ्यपुस्तक सोडून दुसरं काही हातातच घेत नाहीत, काय करू? मी म्हटलं आधी हे सांग, पुस्तक वाचून झालं की तू त्यांना पुढे काय करायला लावतेस. ती म्हणाली सारांश, पाच नवीन शब्द आणि तात्पर्य. आता तुम्हीच बघा, रात्री जागून तुम्ही एखादी सिरीज संपवली आणि लगेच कोणी समोर वही ठेवून म्हणालं, लिहा आता पात्रांची नावं आणि यातून काय शिकलात ते, तर दुसरी सिरीज लावाल का?

तिला जे तोंडी सांगितलं तेच इथे जरा क्रमाने लिहितेय. पहिलीदुसरीपासून चौथीपाचवीपर्यंत चालतं. साहित्य फार लागत नाही, पण आपल्या शिक्षकांच्या हाताला जी तपासायची सवय असते ना, ती आवरावी लागते, आणि ते सगळ्यात अवघड आहे.

पायरी १: आधी स्वतः वाचा

मुलांची पुस्तकं म्हणतेय मी, आपली नाही. इंग्लंडमध्ये २००६-०७ च्या सुमारास १२०० प्राथमिक शिक्षकांना मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांची, कवींची, चित्रपुस्तकं करणाऱ्यांची नावं विचारली होती. त्यातल्या २२ टक्के लोकांना एकाही कवीचं नाव सांगता आलं नाही आणि बऱ्याच जणांची गाडी स्वतःच्या लहानपणी वाचलेल्या नावांवरच अडली. हसू नका, आपल्यातल्या दहा जणांना विचारून बघा.

सुरुवातीला टार्गेट छोटं ठेवा, २५-३० पुस्तकं. चित्रांचं पुस्तक वाचायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, म्हणजे एका रविवारी सात-आठ सहज होतात. प्रत्येक पुस्तकाची छोट्या वहीत एक ओळ लिहायची, आणि ती तात्पर्याची नको, हे कोणाला आवडेल त्याची. ‘भुताला घाबरतो पण भुताचंच हवं असतं अशासाठी’, ‘फार शब्द नको असणाऱ्यासाठी’, असं. ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले त्यात एक आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, आणि त्याच्या पुढचा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही जोडी जुळवणं हेच आपलं काम, आणि दोन्ही बाजू माहीत असल्याशिवाय सोयरीक कशी जुळवणार?

पायरी २: येत नाही की नको आहे, हे ओळखा

इथे नवे शिक्षक हमखास फसतात. मूल वाचत नाही म्हटलं की आवड नाही असा शिक्का मारून मोकळे. पण ज्याला जोडाक्षर आलं की घाम फुटतो, एक ओळ संपेपर्यंत तिची सुरुवातच विसरायला होते, त्याला गोडी लागणार कुठून. गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये हे फार सोप्या भाषेत मांडलं होतं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही बरं का, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्यच.

वर्गात हे कसं बघायचं? मुलाच्या इयत्तेला साजेसं एक पान तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि मग सहज बोला त्यावर. ऐकून सगळं कळलं पण तसंच दुसरं पान स्वतः वाचताना अडखळला, तर अक्षरओळखीवर वेगळा वेळ काढून रोज काम करायला लागेल, त्याला ‘वाच रे छान असतं’ सांगून उपयोग नाही. धडाधडा वाचतो पण ऐकून किंवा वाचून कळत काहीच नाही, असं असेल तर त्याच्याशी भरपूर बोलणं आणि भरपूर वाचून दाखवणं. आणि दोन्ही नीट असूनही पुस्तकाला हात लावत नाही, तर त्याला अजून त्याचं पुस्तक भेटलेलं नाही एवढंच समजायचं.

हे लवकर ओळखलेलं बरं, कारण जो वाचतो त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढले की वाचन सोपं होतं, सोपं झालं की तो अजून वाचतो, आणि मागे पडलेला दर वर्षी थोडा अजून मागे पडतो. स्टॅनोविच नावाच्या संशोधकाने यावर १९८६ मध्येच लिहून ठेवलंय आणि चौथीच्या कुठल्याही वर्गात ते डोळ्यांनी दिसतं.

पायरी ३: रोज वाचून दाखवा, आणि ऐन रंगात थांबा

सगळं सोडून एकच काहीतरी करणार असाल तर हे करा. रोज १०-१५ मिनिटं, ठरलेली वेळ, शक्यतो दिवसाच्या शेवटी म्हणजे मुलं ती गोष्ट डोक्यात घेऊन घरी जातात. आणि हे फक्त बारक्यांसाठी असतं असं समजू नका, पाचवीतली मिशी फुटायची वाट बघणारी मुलंसुद्धा पहिले दोन दिवस आपण मोठे झालो असं दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी खाली मान घालून गपचूप ऐकतात. ज्या मुलाला स्वतःला वाचता येत नाही त्यालाही या पंधरा मिनिटांत सगळ्यांच्या बरोबरीने गोष्ट मिळते, दिवसभरात त्याच्या वाट्याला असं फार कमी येतं.

वाचून दाखवायचं पुस्तक आधी एकदा घरी वाचा. कुठे हळू व्हायचं, कुठे थांबायचं ते तेव्हाच कळतं, आणि मध्येच काही नको ते निघालं तर ऐनवेळी फजिती होत नाही. चित्रं असतील तर पुस्तक फिरवून फिरवून दाखवा, मागच्या रांगेला दिसलं नाही की तिथून गडबड सुरू होणारच. वाचायचा वेग तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. आवाज काढता येत असतील तर काढा, येत नसतील तर राहू द्या, काही जण इतका अभिनय करतात की मुलांना टीचर लक्षात राहते आणि गोष्ट नाही (मीही करायचे, एका मुलीने तोंडावर सांगितलं की ‘बाई, साधं वाचा ना’).

थांबायचं कुठे? दार उघडणार असतं तिथे. मुलं ओरडतील, ओरडू द्या. पुस्तक टेबलावर तसंच ठेवून जायचं. मधल्या सुट्टीत कोणीतरी पुढचं पान बघायला येतंच, आणि तो जो आला तो स्वतःहून वाचायला आलाय हे लक्षात घ्या, त्याला चोरी पकडल्यासारखं करू नका, दुसरीकडे बघा.

वाचून झाल्यावर प्रश्न नाहीत. एकही नाही. ते बोलले तर बोलायचं, नाही बोलले तर दप्तर भरायचं. आणि पुस्तक आठवडाभर रंगलंच नाही तर वर्गालाच विचारा, मला पण बोअर होतंय, सोडूया का? अर्धवट सोडलेलं पुस्तक म्हणजे गुन्हा नाही हे त्यांना तुमच्याकडून बघून कळतं.

पायरी ४: पुस्तकं कपाटातून बाहेर काढा

कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात, रजिस्टरवर सही, असं असेल तर आतली पुस्तकं कितीही चांगली असोत, ती वाचली जाणार नाहीत. वर्गातल्या एका कोपऱ्यात, मुलांच्या हाताच्या उंचीवर, ८-१० पुस्तकं मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. फळी नसेल तर खिडकीला आडवी दोरी बांधून त्यावर अडकवा, तेही मस्त दिसतं. कणा दिसेल अशी रचलेली रांग मोठ्या माणसाला कळते, सहा वर्षांच्या मुलाला ती नुसती भिंत वाटते. दर सोमवारी त्यातली चार बदला. फाटलेली, पानं गेलेली, चाळीस वर्षांपूर्वीच्या माहितीची पुस्तकं काढून टाका, जीव होत नाही माहितीये, पण २० चांगल्या पुस्तकांत ६० रद्दी मिसळली की मुलांना २० सापडत नाहीत.

कोपऱ्यात गोष्टीच फक्त नको. प्राणी, अंतराळ, यंत्रं, कोडी, विनोद, नकाशे, मासिकं, कविता, खेळांची माहिती, सगळं. खूप मुलांना गोष्ट नकोच असते, त्यांना ‘खरं’ हवं असतं, आणि आपण त्यांच्या हातात सारखी परीकथा देत बसतो. अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की मुलांना पुस्तकात आरसाही मिळायला हवा आणि खिडकीही. म्हणजे स्वतःसारखं कोणीतरी दिसलं पाहिजे आणि स्वतःपेक्षा वेगळं जगही. तुमच्या कोपऱ्यावर एकदा या नजरेने फिरून बघा, वर्गातलं कुठलं मूल त्यातल्या एकाही पुस्तकात नाही.

कॉमिक्स हेही वाचनच, यावर मी वाद घालत नाही आता.

पुस्तकं कमीच असतील तर जवळच्या वर्गाशी पेटी अदलाबदल करा. स्टोरीवीव्हरसारख्या साइटवर खूप भाषांतली चित्रपुस्तकं फुकट आहेत, पातळीनुसार लावलेली, डाउनलोड करून प्रिंट काढता येते. मुलांनी स्वतः लिहून शिवलेली पुस्तकंही कोपऱ्यात ठेवा, सगळ्यात जास्त तीच फिरतात, अक्षर कितीही गिचमिड असलं तरी.

पायरी ५: निवड त्यांची

हे म्हणायला सोपं, करायला जाम अवघड. मूल तेच पुस्तक पाचव्यांदा घेतं तेव्हा आपली जीभ शिवशिवते. घेऊ द्या. पाचव्यांदा वाचताना ते अडखळत नाही, त्याला स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटत असतं.

पुस्तक झेपेल की नाही हे मुलालाच बघायला शिकवा. मधलंच एखादं पान उघडायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाच बोटं मिटली म्हणजे सध्या जड जाईल. पण हे त्याच्यासाठी आहे, आपण त्याच्या हातातून पुस्तक काढून घ्यायला नाही. विषयाचं वेड असलं की मुलं जड पुस्तकही ओढून नेतात. रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. माझ्याकडे एक मुलगा होता, पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचताना रडकुंडीला यायचा, आणि इंजिनांच्या जाडजूड पुस्तकात तासभर. सगळे शब्द येत होते का त्याला? नव्हते येत. चित्रावरून, आकृतीवरून, अंदाजाने काढायचा. महिन्याभरात त्यातले बरेच यायला लागले.

आणि सोडायची मुभा द्या. आमच्या वर्गात नियम होता, दहा पानं वाच, नाही आवडलं तर परत ठेव, कारण सांगायची गरज नाही. परत ठेवणारे सुरुवातीला खूप असतात, काही तर दिवसाला चार पुस्तकं बदलतात आणि आपल्याला वाटतं हा टाइमपास चाललाय. थोडा असतोही. पण दुकानात आपणही चार चाळल्याशिवाय एक घेत नाही ना.

पायरी ६: रोजचं मूकवाचन

सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं पुस्तक शांतपणे वाचायचं, शिक्षकानेही वाचायचं, ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत लायमन हंट यांनी मांडली आणि जगभर पसरली. पण आंधळेपणाने करू नका. २००० साली अमेरिकेतल्याच नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने संशोधन तपासून सांगितलं होतं की नुसतं वाचत बसवल्याने वाचन सुधारतं याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. यावरून बरीच भांडणं झाली, पण मला त्यातली खोच पटते. पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे वीस मिनिटं पुस्तकात डोकं घालून बसायचे, आदर्श घालून द्यायचा होता ना, आणि मागच्या बाकावर दोघं जण पुस्तक उलटं धरून बसलेले असायचे. शब्दशः उलटं.

आता असं करते, पहिली पाच मिनिटं मी वाचते, सगळे स्थिरावले की उठून रोज दोघा-तिघांच्या शेजारी जाऊन बसते, हळू आवाजात. काय चाललंय यात? कुठपर्यंत आलास? हे बरोबर नाही वाटत तुझ्यासाठी, दुसरं बघूया का? एवढंच. १५ दिवसांत सगळा वर्ग फिरून होतो, पट मोठा असेल तर तीन आठवडे.

पहिलीत ५ मिनिटांनी सुरू करा, हळूहळू वाढवत १५-२० पर्यंत न्या. बारकी मुलं मनात वाचू शकत नाहीत, ती पुटपुटणार, पुटपुटू द्या. दोघात एक पुस्तक चालतं, जमिनीवर लोळून चालतं, बाकाखाली बसून वाचणारे माझ्याकडे नेहमीच असतात. मधूनच पान उलटलंच जात नाही किंवा फार भराभर उलटलं जातं, दर दोन मिनिटांनी पाणी प्यायला जायचं असतं, ही खोट्या वाचनाची लक्षणं. त्याला रागवायचं नाही, तुमच्या वहीतल्या ओळी काढायच्या आणि दुसरं पुस्तक पुढे सरकवायचं.

दोन गोष्टी मात्र अजिबात नाही. दंगा केला म्हणून हा वेळ कापायचा नाही. आणि ‘गणितं झाली ज्यांची त्यांनी वाचत बसा’ असंही नाही, कारण मग हळू लिहिणाऱ्या मुलाला पुस्तक कधी मिळतच नाही, आणि खरी गरज त्यालाच.

पायरी ७: परीक्षा नको, गप्पा मारा

गप्पा सुरू व्हायच्या तर आधी तुम्ही बोला. ‘काल मी हे वाचलं, शेवट मला अजिबात नाही पटला’, असं म्हणालात की कोणीतरी पुस्तकाची बाजू घ्यायला उभं राहतंच. विचारायचंच असेल तर असं विचारा ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. यातलं कोण तुला घरी राहायला आलेलं चालेल? कुठे चिडचिड झाली? काही असं होतं का जे कळलंच नाही? शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण न कळणं बोलून दाखवायची सवय लागते.

शुक्रवारी पाच मिनिटं ‘कोणाला द्याल हे पुस्तक’ असा कार्यक्रम करा. मूल उभं राहून म्हणतं, हे मी अमक्याला देणार कारण त्याला कुत्रे आवडतात. माझ्या शिफारशीपेक्षा मित्राची शिफारस दसपट चालते, यात थोडा अपमान आहे पण घ्या गिळून.

बक्षिसांचं काय

ही पायरी नाही, खड्डा आहे, म्हणून नंबर दिला नाही. मी भिंतीवर मोठा चार्ट लावला होता, प्रत्येकाच्या नावापुढे पुस्तकागणिक एक चांदणी. पंधरा दिवसांत वर्ग नुसता पेटला, मुख्याध्यापक फोटो काढून गेले, मी खूश. मग लक्षात आलं की सगळ्यात पातळ पुस्तकं गायब होतायत, एक मुलगी वाचताना पानं मोजत होती, आणि दोन चांदण्यांवर अडकलेला एक जण चार्टकडे पाठ करून बसायला लागला होता. परीक्षा आल्या, चार्ट काढला, आणि चांदण्यांबरोबर वाचनही गेलं.

नंतर वाचलं की १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर नेमकं हेच तपासलं होतं, फक्त वाचनाऐवजी स्केचपेननी चित्रं काढणं घेतलं होतं. चित्रं काढायला आवडणारीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षिसासाठी काढणाऱ्या मुलांचा चित्रातला वेळ बाकीच्यांच्या साधारण निम्म्यावर आला होता. जे आधी फुकट आवडीने करत होते ते आता काम झालं. द्यायचंच असेल तर पुस्तकच द्या, किंवा कोपऱ्यातलं पुढचं पुस्तक निवडायचा मान द्या, तेही अचानक, आधी जाहीर न करता.

वाचन दिनांचंही थोडं असंच होतं. २ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन असतो, १९६७ पासून, जरूर साजरा करा, पण वेशभूषा आणि फोटोंतच दिवस गेला आणि एकही पान वाचलं गेलं नाही असं होऊ देऊ नका.

पायरी ८: घरी काय सांगायचं

पालकसभेत मोठं भाषण नको, तीन वाक्यं बास. मुलाला वाचता यायला लागलं तरी तुम्ही वाचून दाखवणं थांबवू नका. घरी जी भाषा बोलता त्या भाषेत वाचा, सांगा, चालेल. आणि पुस्तक घरी आलं म्हणून त्याची परीक्षा घेऊ नका, ‘वाच बघू मोठ्याने’ करून चुका काढत बसू नका. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही त्यांना बाजूला घेऊन सांगा की मुलाला चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावा आणि नुसतं हं हं करत ऐका, यात त्यांचं काही कमी पडत नाही. मोबाइल वाईट, टीव्ही वाईट हे सांगायला जाऊ नका, ते ऐकून ऐकून त्यांचेही कान किटलेत.

वरून विचारणा झाली तर

होणारच. पुरावा काय, रेकॉर्ड काय. मुलांकडून लिहून घेऊ नका, स्वतः ठेवा. एक वही, प्रत्येक मुलाला एक पान, शेजारी जाऊन बसता तेव्हा तारीख, पुस्तक आणि त्याने म्हटलेलं एखादं वाक्य. सहा महिन्यांनी ते पान वाचून दाखवलं की कुठल्याही साहेबाचं समाधान होतं, आणि पालकांना तर त्यातलं आपल्या पोराचं वाक्य ऐकून भरून येतं. तुमच्यासाठी खुणा वेगळ्या, बेल झाली तरी कोणी उठलं नाही, एखादं पुस्तक बाकात लपवलेलं सापडलं, दोघं एकाच पुस्तकावरून भांडले. भांडण झालं त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं होतं.

आणि सुट्टी लागायच्या आधी पुस्तकं घरी द्या, प्रत्येकाला तीन तरी, आपल्या आवडीने निवडलेली. हरवतील, फाटतील, एखादं भिजून फुगून परत येईल. मी दर वर्षी पाच-सहा जाणार असं आधीच धरून चालते आणि दंड घेत नाही, कारण एकदा दंड घेतला की पुढच्या वेळी ज्या घरात पुस्तक जायला हवं तिथूनच ‘नको आणूस’ असा निरोप येतो. फाटलेलं पुस्तक पहिल्या आठवड्यात चिकटपट्टी घेऊन सगळे मिळून बसून चिकटवतो. त्या दिवशी कामापेक्षा वाचनच जास्त होतं, चिकटवायला घेतलेलं पान कोणीतरी वाचत बसतं आणि मग पट्टी वाळते तशीच.